डाव्या बाजूचा बेल्ट

गादी रस्त्यावर पडली तेव्हा आवाज झालाच नाही. पुढच्या टेम्पोच्या टपावर गाद्या रचून दोरीने बांधल्या होत्या. त्यातली सगळ्यात वरची सावकाश घसरली, हवेत जराशी वळली आणि आमच्या गाडीपुढे अशी ऐसपैस पसरली, की वाटावं, आता कुणीतरी येऊन तिच्यावर आडवं होणार. पांढरी, नवीकोरी, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. ब्रेक मी दाबला की माझ्या पायाने आपणहून दाबला, सांगता येत नाही. मी गादीकडेच बघत राहिलो होतो. गाडी थांबली. माझा बेल्ट खाडकन आवळला आणि त्याने मला जागेवर धरून ठेवलं. आणि माझ्या शेजारून बायको पुढे गेली. ओरडली नाही, काही नाही. खिडकीशी काही बघायला उठावं तशी नुसती पुढे गेली. तिचे दोन्ही तळवे डॅशबोर्डवर आपटले, चष्मा उडून काचेवर टण्णकन वाजला आणि कपाळ काचेपासून चार बोटांवर थांबलं. मग ती तशीच मागे आली आणि बसली. बेल्ट तिने लावलेला होता. नेहमी लावते. फक्त तो तिच्या अंगावर असून नसल्यासारखा होता, छातीवरून झोळ पडलेला.

"काही नाही झालं," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. वाकून चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला. टेम्पोवाला धावत आला. त्याने आधी गादी उलटीपालटी करून पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं. "फाटली नाही," तो म्हणाला, आम्ही त्याच काळजीत असल्यासारखा. बायको हसली. मला हसू येईना. माझी नजर त्या पट्ट्याच्या झोळावर खिळली होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, टेम्पोवाल्याने गादी डोक्यावर घेतली आणि तो कडेला झाला, मी गाडी पुढे काढली. तिला तिच्या दुकानाशी सोडलं. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासते. दिवसभर एकेक भिंग घालून विचारायचं, "हे बरं, की आधीचं बरं?" घरी पडद्याचं कापड निवडतानाही ती हेच विचारते, आणि मी नेहमी म्हणतो, आधीचं. त्या दिवशी उतरल्यावर तिने दार लावलं, मग पुन्हा उघडलं. "उद्यापासून मी मागे बसत जाईन," ती म्हणाली. "का?" "मागे मोकळं वाटतं." एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

आता मी काय काम करतो ते सांगायला हवं, त्याशिवाय माझी कशी शोभा झाली ते कळायचं नाही. मी लिफ्ट तपासतो. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या खोलीत जायचं, लिफ्टच्या पोलादी दोरांवर चिंधी धरायची आणि दोर हळूहळू सरकवायचे. जिथे एखादी बारीक तार तुटून वर आली असेल तिथे चिंधी अडकते. वेग हाताबाहेर गेला तर लिफ्टला जागच्या जागी धरणारी एक पकड असते, ती मुद्दाम चाळवून बघायची. लोकांना वाटतं, दोर तुटला की लिफ्ट कोसळते. कोसळत नाही हो, पकड धरते. मात्र कुणीतरी ती वेळेवर तपासलेली असावी लागते, आणि तो कुणीतरी म्हणजे मी. माझा धंदाच संशय घेण्याचा. इमारतीचे वॉचमन मला लांबून बघूनच तोंड वाकडं करतात, कारण मी आलो की लिफ्ट बंद आणि रहिवाशांच्या शिव्या त्यांना. असा हा मी रोज सकाळी एका बाईला शेजारी बसवून नेत होतो, आणि तिला धरणाऱ्या पकडीचं काय झालंय याच्याकडे ढुंकून बघत नव्हतो. नाही, तसंही नाही. बघत होतो. रोज बघत होतो, आणि स्वतःवर खूश होत होतो.

कारण होता एक चिमटा, कपडे वाळत घालायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. घरात आम्ही 'ऑपरेशन' एवढंच म्हणतो आणि पुढचं वाक्य दुसऱ्याच विषयावरचं असतं. इथे सरळ सांगतो, तिचा डावा स्तन काढला. हॉस्पिटलमधून तिला घरी आणताना मी गाडी इतकी हळू चालवत होतो की सायकलवाले पुढे जाऊन वळून बघायचे. बेल्ट तिच्या डाव्या खांद्यावरून नेमका तिथूनच खाली येत होता. रस्त्यात जरा उंचवटा आला की ती दोन्ही हातांनी पट्टा अंगापासून लांब धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. मला ते बघवेना. गाडी बाजूला घेतली, सामानाची पिशवी उपसली. हॉस्पिटलच्या खिडकीत टॉवेल वाळत घालायला घरून चिमटे नेले होते, त्यातला एक काढला. पट्टा हातभर बाहेर ओढला आणि दाराजवळच्या खांबातून तो जिथे बाहेर येतो तिथेच त्याला चिमटा मारला. पट्टा परत आत जाईना, सैल पडून राहिला. "आता?" मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मी पुढे कितीदा तरी आठवून पाहिलं आहे. तेव्हा मात्र मी ठरवून टाकलं की तिला बरं वाटलं. "आता बरंय," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिचा उजवा हात माझ्या गुडघ्यावर होता. तेव्हापासून चिमटा तिथे राहिला तो राहिलाच. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ व्हायचं, एखाद्या दिवशी कडकन मोडायचं, की मी लगेच दोरीवरचा दुसरा आणून लावायचो. निळा गेला, हिरवा आला, मग गुलाबी. कुणी सांगायच्या आधी करावं असं घरातलं हे एकच काम मला जमलं. नळ गळत राहिले, जिन्यातला दिवा महिनोन्महिने गेलेला असायचा, पण चिमट्याची पाळी मी कधी चुकवली नाही. बायकोसाठी तू काय केलंस, असं कुणी विचारलं असतं तर मी मनातल्या मनात चिमटाच दाखवला असता.

आणि बाजू. पूर्वी झोपताना मी तिच्या डावीकडे असायचो, भिंतीशी. ऑपरेशननंतर मी उजवीकडे आलो. झोपेत हात पडेल, कोपर लागेल, अशी धास्ती. तिला म्हटलं, मला हल्ली सारखं उठावं लागतं, भिंतीकडून जमत नाही. तिने उशांची अदलाबदल केली. मग ती सवय अंगातच भिनली. रस्त्याने चालताना मी तिच्या उजवीकडे, बाकावर बसलो तरी उजवीकडे. मुलीच्या लग्नात फोटो काढणाऱ्याने मला तिच्या डावीकडे उभं केलं, तर मी हळूच मागून फिरून आलो. त्या फोटोत माझ्या जागी एक पुसट पट्टा आलाय आणि मुलगी अजून त्यावरून माझी टर उडवते. गाडीत मी आपोआपच उजवीकडे असायचो. म्हणून गाडी मला आवडायची, तिथे काही ठरवावं लागायचं नाही. जवळ घेणंही मग हळूहळू बंद झालं. भांडण नाही, अबोला नाही. ती कपडे बदलायला दार लोटून घ्यायची, मी पेपरात डोकं घालायचो. तिला दुखेल, तिला नको वाटेल, तिला अवघडल्यासारखं होईल, असं मी तिच्या वतीने सगळं ठरवून ठेवलं होतं, आणि याला मी जपणं म्हणत होतो. आमचं छान चाललंय, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच मागे बसली. "मी काय तुझा ड्रायव्हर आहे?" मी म्हटलं. "टोपी घाल, शोभशील," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. आरशात तिचा अर्धाच चेहरा दिसत होता, चष्म्याची एक काच आणि त्या काचेत उलटी पळणारी दुकानं. शेजारची सीट रिकामी. त्या सीटवर इतकी वर्षं पर्स, डबा, तिचा स्वेटर, तिची कुरकुर, सिग्नल हिरवा झाला की माझ्या आधी तिचं "चल" असं सगळं असायचं. आता तिथे ऊन बसलं होतं. सिग्नल हिरवा झाला तरी मला कळेना, मागच्याने हॉर्न दिल्यावर कळलं. "मागेही बेल्ट असतो," मी आरशाला म्हटलं. "असेल कुठेतरी," आरशातून उत्तर आलं. मागचे बेल्ट सीटच्या कव्हराखाली गाडले गेले होते. पुढच्या सीटला ती घाबरलीय हे मला कळत होतं, आणि घाबरली असं तिला म्हणायचं नव्हतं, हेही कळत होतं. असे बरेच दिवस गेले. मला एक साधी गोष्ट हवी होती. ती माझ्या शेजारी बसायला हवी होती, जिवंत राहायला हवी होती, आणि तिला दुखायला नको होतं. चिमटा लावला तर ती काचेवर जाणार. काढला तर पट्टा तिच्या त्या जागेवर रोज सकाळ-संध्याकाळ दाबून बसणार, आणि ती बिचारी काही बोलणार नाही. आणि मागे बसली तर बसलीच. माणूस एकदा मागे बसायला लागलं की पुन्हा पुढे येतं का, कोण जाणे.

रविवारी मी गाडी गॅलरीखालच्या सावलीत घेतली आणि चारही दारं उघडून ठेवली. आयुष्यभर दोर तपासले, हेही दोरच की. माझा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि दोन बोटांत धरून तसू तसू सरकवला. कडेला उन्हाने रंग उडाला होता, खांद्याच्या जागी सुतं उभी राहिली होती, जुन्या सतरंजीला राहतात तशी. हिसका दिला, गच्च धरलं. पुन्हा दिला, पुन्हा धरलं. मग तिच्या बाजूला गेलो. चिमटा काढला. चिमट्याखालचा पट्टा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. आडवी एक रेघ पडली होती, वीण चेपून चकाकत होती, आणि दोन्ही कडांना ती कुरतडल्यासारखी झाली होती. दर वेळी चिमटा मी अगदी त्याच जागी लावत होतो ना, नेमका, काळजीपूर्वक. पट्टा सोडला तर तो आत जाईचना. निम्म्यावर जाऊन थबकला, वळून लोंबत राहिला. इतकी वर्षं कुणी आत ये म्हटलंच नव्हतं त्याला. हिसका दिला तर कधी धरलं, कधी नुसतंच सरसर बाहेर आलं. मी तिथेच, तिच्या सीटवर बसलो. ती सीट माझ्या ओळखीची नव्हती. तिथून रस्ता वेगळा दिसत असणार, झाडं जवळून जात असणार, आणि मी, गाडी चालवणारा, तिला सगळ्या प्रवासभर एका बाजूनेच दिसत असणार. दारातून वारा येत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी सारखी तीच सुरावट वाजवत होतं, चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून धरत होतं. मला वाटतं माझा डोळा लागला.

गॅरेजवाल्याला सगळे 'हिरो' म्हणतात. साठी उलटली तरी केस काळेभोर ठेवतो आणि कामाच्या कपड्यांना इस्त्री करतो. त्याने चारही बेल्ट माझ्यासारखेच ओढून पाहिले, पण बडबड करत. मागचे दोन त्याने कव्हराखालून उपसून काढले. त्यांच्याबरोबर एक केसांची पिन आणि बाटलीचं झाकणही वर आलं. "हे फर्स्टक्लास आहेत, वापरतंय कोण! पुढचे दोन्ही जाणार," तो म्हणाला. मग त्याला चिमटा दिसला, मी डॅशबोर्डवर ठेवलेला, आणि त्याने पट्ट्यावरची रेघ पाहिली. "ही अक्कल कुणाची?"

"आधीच्या मालकाची असेल," मी म्हटलं.

"गाडी तुम्ही शोरूममधून काढलीत. पेढे खाल्ले होते मी."

"मग पोरांनी लावला असेल."

"पोरं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून त्याने पुढचं गिळलं. नाही म्हणायला तो तसा समजूतदार आहे. "हे बघा, ब्रेक लागला की खांबातलं रीळ पकडतं. पण बाहेर जेवढा पट्टा मोकळा आहे तेवढं माणूस पुढे जाणारच, त्याला रीळ तरी काय करणार?" मी विचारलं, पट्टा तेवढ्यापुरता शिवून मिळेल का? शिवतात लोक, तो म्हणाला, आणि शिवलेलीच जागा आधी सुटते. रिळासकट सगळं नवीन घालायचं. मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. नवीन बेल्ट जरा सैल ठेवता येईल का, डाव्या बाजूचा? शेजारी बसणाऱ्या माणसाला तो दाबला तर त्रास होतो. हिरोने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "सैल ठेवायचा तर घालायचा कशाला?" तो म्हणाला. "तुम्ही वहिनींना घेऊन या. खांबावर उंची कमीजास्त करता येते, ती अंगावर बघूनच लावायची. मानेला घासला की बायका पट्टा काखेतून घेतात, आणि ते त्याहून वाईट." त्याच्या फळीवर कुठल्यातरी गाडीचं एक सुटं रीळ पडलं होतं. मी ते हातात घेतलं. सरळ धरलं की पट्टा अलगद बाहेर यायचा. जरा कलतं केलं की आतली गोळी सरकायची आणि रीळ घट्ट मिटायचं, कितीही ओढा, तसूभर देत नाही. सरळ केलं की पुन्हा मोकळं. मी बराच वेळ तेच करत बसलो. हिरो दुसऱ्या गाडीखाली शिरला तरी मी करत होतो.

बेल्ट बाहेरून मागवायचे होते. त्या मधल्या दिवसांत माझं कामात लक्ष लागेना. एका इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत भर दुपारी मी चिंधी हातात घेऊन बसलो होतो. यंत्राची ऊब, तेलाचा वास, आणि खाली पोकळीत दोर येत होते, जात होते. डोळे उघडेच होते, पण त्या पोकळीतून मला ती पांढरी गादी खाली जाताना दिसली, अगदी सावकाश, एकेका मजल्यावर रेंगाळत. प्रत्येक मजल्याचं दार उघडं होतं आणि प्रत्येक दारात बायको उभी होती. कुठे लग्नाआधीची, लांब केसांची, कुठे मुलीला कडेवर घेतलेली, कुठे परवाची, चष्मा पुसत. गादी समोर आली की ती विचारायची, "हे बरं, की आधीचं बरं?" मी वरून काहीतरी उत्तर देत होतो, पण ते तिच्यापर्यंत पोहोचत नव्हतं, कारण मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बोलायचं म्हणून पोकळीभोवती फिरत होतो आणि पोकळीला बाजूच नव्हती. त्याहूनही खालच्या मजल्यांवरची दारं मात्र बंद होती. मग यंत्र थांबलं आणि मी भानावर आलो. आणि एक गोष्ट इतकी लख्ख कळली की मला चिंधी खाली ठेवावी लागली. ती जागा कशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. टाके उभे आहेत की आडवे, रंग काय, किती लांब, काहीही नाही. डॉक्टरने पाहिली, नर्सने पाहिली, मुलीने पाहिली असेल. सबंध शहरातल्या लिफ्टच्या पोकळ्या मी बॅटरी मारून पाहिल्या होत्या, आणि माझ्या घरातल्या माणसाच्या अंगावरची ती वीतभर जागा मी पाहिलेली नव्हती. मला तिची फार आठवण आली, ती संध्याकाळी घरी भेटणार होती तरी. मी गॅरेजला फोन करून विचारलं, आले का बेल्ट. "येतील हो," हिरो म्हणाला, "पळून नाही जात."

बेल्ट आले त्या दिवशी मी तिच्या दुकानात जाऊन म्हटलं, आज जरा लवकर निघ, गाडीचं काम आहे. "माझं काय काम तिथे?" "तुझ्या अंगावर बघून लावायचाय." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली. गॅरेजपर्यंत मागेच बसली. घरून निघताना मी दोरीवरून एक चिमटा खिशात टाकला होता, पिवळा, अगदी नवा. कशाला, ते मलाही धड सांगता आलं नसतं. तिला दुखलं तर हिरोची पाठ वळल्यावर लावू, नाहीतर वाटेत लावू, असं काहीतरी. सगळं कळूनसुद्धा, बरं का. रेघ बघून, काच बघून, सगळं कळूनसुद्धा मी चिमटा घेतला. तिला दुखतंय आणि मी नुसता बघतोय, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

हिरोने खांबावरचं झाकण काढलं, खालचा मोठा बोल्ट सोडवला आणि जुनं रीळ पट्ट्यासकट बाहेर काढलं. जुना पट्टा त्याने सरळ फेकला नाही. कात्री घेऊन बसला आणि त्याचे तुकडे केले. "असाच टाकला तर कुणीतरी उचलून दुसऱ्या गाडीला बसवतो," तो म्हणाला. कात्री पट्ट्यात कष्टाने चालत होती, पण त्या आडव्या रेघेवर आली तेव्हा पट्टा पटकन दोन झाला. बायको माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. नवं रीळ बसलं, बोल्ट आवळले गेले, आणि हिरोने खुर्ची द्यावी तसं दार उघडून धरलं. "या वहिनी."

ती पुढच्या सीटवर बसली. मी दारात उभा राहिलो, दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती. पलीकडे हिरोची हत्यारं पसरलेली. उघड्या दारात, तिच्या डाव्या हाताला. मला तिथे हातपाय कुठे ठेवावे कळेना. तिने पट्टा ओढला. नवा पट्टा, काळा कुळकुळीत, सर्रकन आला. टक्. मग उरलेला सगळा आपणहून आत गेला आणि पट्टा तिच्या अंगाला येऊन टेकला, खांद्यावरून, छातीवरून. हिरोने उंची एक घर खाली घेतली, मान वाकडी करून पाहिलं. "पट्टा नि अंग यांच्यामध्ये सपाट हात जायला पाहिजे, मूठ जाता कामा नये," तो म्हणाला, आणि खांबाचं झाकण आणायला आत गेला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता डोळे मिटेल, आता दोन्ही हातांनी पट्टा उचलून धरेल. तिने काहीच केलं नाही. समोर गॅरेजच्या भिंतीकडे बघत बसली. माझा हात खिशात गेला आणि चिमटा बाहेर आला. मी तो तिला दाखवला, चोरासारखा.

"ते ठेव आत," ती म्हणाली.

"दुखलं तर? वाटेपुरता लावू. मी हळू चालवीन."

"दुखत नाही."

"माझ्यासाठी म्हणू नकोस."

"दुखायचं केव्हाच थांबलंय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, दुकानात नंबर सांगते तसा. "त्याच वर्षी थांबलं. दिवाणखान्याला रंग दिला, तेव्हा मी शिडीवर चढून पडदे काढले होते. तेव्हासुद्धा नव्हतं दुखत."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. एवढी वर्षं. निळा, हिरवा, गुलाबी, सगळे एकामागून एक डोळ्यांपुढून गेले. "मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं. माझा आवाज चिडका आला; मला चिडायचं नव्हतं. "मी आपला चिमटे बदलतोय. तू काचेवर गेली असतीस."

ती माझ्याकडे वळली. पट्ट्याने तिला वळू दिलं, ती सावकाश वळत होती म्हणून.

"तू झोपायची बाजू बदललीस," ती म्हणाली. "चालायची बदललीस. हात लावायचा सोडलास. बघायचंही सोडलंस. मला वाटलं, तुला नको वाटतंय. मी काय म्हणणार होते? पण चिमटा मोडला की तू दुसरा आणायचास, न सांगता. दार उघडून एवढा वाकायचास आणि जपून लावायचास. तेवढं एकच राहिलं होतं. तेही नको म्हटलं असतं, तर मग माझ्याकडे काय उरलं असतं?"

मला नको वाटतंय, असं तिला वाटत होतं. या एवढ्या सगळ्या वर्षांत, रोज, शेजारी बसून. मी तिला सांगायला तोंड उघडलं की असं नव्हतं गं, मी घाबरत होतो, मला फक्त भीती वाटत होती. पण ते शब्द होईनात, आणि मला रडू आलं, भर गॅरेजात, उघड्या दारात. तिने माझा हात धरला. चिमटा कुठेतरी पडला. तिने माझा तळवा पट्ट्याखाली सरकवला, डाव्या बाजूला, सपाट. "मावतोय का बघ," ती म्हणाली. कुर्त्याच्या कापडाखाली बरगड्या लागल्या, आणि एक जाडसर रेघ, तिरपी, काखेकडे गेलेली. तिरपी होती तर. आणि त्याखाली ठोके, मधे काहीच नसल्यासारखे, थेट माझ्या तळहातात. तिने हात धरून ठेवला होता, आणि मी काढलाही नसता.

हिरो झाकण घेऊन बाहेर आला, आम्हाला बघून दोन पावलांवर थबकला आणि खाकरला. "काही अडतंय का वहिनी? बेल्ट परत बघू का?"

"बेल्ट छान बसलाय," ती म्हणाली. "ह्यांनाच जरा वेळ लागेल."